फोन ‘सरकत’ नाही: स्वाइप होत नसल्यास डिस्प्ले बदलण्यापूर्वी काय तपासावे

दुरुस्तीच्या काउंटरवर ही तक्रार निरनिराळ्या शब्दांत येते. ‘टच गेला’, ‘फोन सरकत नाही’, ‘कॉल उचलला जात नाही’, ‘मागे जात नाही’ असे काहीही सांगितले गेले, तरी फोन हातात घेतल्यावर बहुधा पुढीलपैकी एखादे लक्षण आढळते, आणि नेमके कोणते आढळते यावर पुढची दिशा ठरते.

लक्षणे

- यादीवर बोट फिरवले की यादी सरकण्याऐवजी बोटाखालची ओळच उघडते.
- पान सरकवायला जावे, तर आयकॉन सुटून बोटाबरोबर फिरू लागतो, कधी होम स्क्रीनवरून नाहीसाच होतो. किंवा मजकुराचा तुकडा निळा होऊन त्यावर ‘कॉपी’चा पर्याय दिसतो.
- कॉल येतो, रिंग वाजत राहते, पण हिरव्या चिन्हावर कितीही टॅप केले तरी तो उचलला जात नाही.
- पडद्याच्या मध्यभागी सगळे सुरळीत चालते, परंतु काठावरून मागे जाण्याचा किंवा तळातून वर जाण्याचा स्वाइप होत नाही.
- बोट फिरवल्यावर पान जागचे हलत नाही. रंगीत चौकट एका चिन्हावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि फोन मोठ्याने बोलू लागतो.
- चार्जर लावलेला असताना स्वाइप उड्या मारतो, चार्जर काढताच नीट होतो.
- पडद्याच्या एका ठराविक पट्ट्यात आल्यावर स्वाइप प्रत्येक वेळी तुटतो.
- कोणी हात लावलेला नसताना पाने आपोआप सरकतात, ॲप उघडतात.

यांपैकी शेवटची दोन लक्षणे वगळली, तर बाकीच्यांमध्ये डिस्प्ले बिघडलेला असण्याचा संभव कमी असतो. तरीही ‘टच गेला’ एवढे ऐकून डिस्प्ले बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि फोनमधील सर्वांत महागड्या भागांपैकी एक भाग अकारण बदलला जातो.

फोनच्या लेखी स्वाइप म्हणजे काय

पुढच्या तपासण्या त्या क्रमाने का आहेत हे समजण्यासाठी एवढे जाणून घेणे आवश्यक आहे. काचेखाली पारदर्शक संवाहकाच्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते, आणि नियंत्रक चिप ती जाळी सेकंदात अनेकदा तपासून बोट कोठे आहे ते ठरवते. पडद्याचे काम येथे संपते. मिळालेल्या स्थानांच्या मालिकेला टॅप म्हणायचे, दाबून धरणे म्हणायचे की स्वाइप, हा निर्णय सॉफ्टवेअर घेते, आणि तो घेताना बोट कोठे टेकले, किती अंतर गेले, किती वेळात गेले आणि कोणत्या वेगाने उचलले गेले एवढेच त्याला ठाऊक असते. बोटाचा दाब किती होता याचा यात काहीही संबंध नसतो.

अँड्रॉइडमध्ये टेकल्या जागेपासून बोट साधारण ८ डीपी (पडद्यावरील अंतराचे अँड्रॉइडचे एकक) सरकेपर्यंत फोन त्याला हालचाल मानतच नाही. १६० डीपी म्हणजे एक इंच, त्यामुळे हे अंतर सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरते. तेवढेही न सरकता बोट सुमारे ४०० ते ५०० मिलिसेकंद एकाच जागी राहिले, तर ते ‘दाबून धरणे’ ठरते, आणि त्यानंतर बोट हलवले तर आयकॉन ओढला जातो किंवा मजकूर निवडला जातो. त्या अवधीच्या आत बोट सरकले, तरच पान त्याच्याबरोबर सरकते. बोट उचलतेवेळी वेग पुरेसा असेल, तर बोट सुटल्यावरही पान पुढे धावत राहते आणि मग हळूहळू थांबते. म्हणजेच एकाच रेषेवरून, एकाच दिशेने फिरवलेल्या बोटाचा अर्थ केवळ सुरुवातीच्या अर्ध्या सेकंदामुळे पूर्णपणे बदलू शकतो. वरच्या यादीतील पहिली दोन लक्षणे जवळजवळ नेहमी येथूनच उद्भवतात.

तपासणी पहिली: बोट आणि त्याची चाल

यासाठी खर्च शून्य आहे, म्हणून सुरुवात येथून करावी. ज्यांना स्वाइप जमत नाही त्यांना स्वतः फोन हातात घेऊन दाखवण्यापूर्वी त्यांचे बोट कसे चालते ते शांतपणे पाहावे. बहुतेक ज्येष्ठ व्यक्ती आधी बोट काचेवर नीट टेकवतात, ते योग्य जागी आहे ना याची खात्री करतात आणि मग सरकवतात. कागदावर ही सावधगिरी शोभली असती. फोन मात्र एवढ्यात अर्धा सेकंद मोजून ‘दाबून धरले’ असा निष्कर्ष काढून मोकळा झालेला असतो. याच्या उलट काही जण बोटाने काचेला नुसता टिचका मारतात, तेव्हा बोट सव्वा मिलिमीटरही सरकत नाही आणि फोन त्याला टॅप समजून खालची ओळ उघडतो. अशांना ‘जोरात दाबा’ असे सांगणे हा सर्वांत निरुपयोगी सल्ला होय, कारण दाबाने बोट काचेला अडकते आणि सुरुवात आणखी मंदावते. बोट हवेतच हलू लागावे, हलता हलताच काचेला लागावे आणि हलत असतानाच सुटावे, असे दाखवून दिले की पुष्कळदा तेथल्या तेथे काम होते.

तरीही सवय बदलत नसेल, तर फोन बदलावा, म्हणजे त्याचे सेटिंग. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या विभागात ‘टच अँड होल्ड डिले’ असा पर्याय असतो; काही कंपन्या त्याला थोडे वेगळे नाव देतात. तेथे कमी, मध्यम आणि जास्त असे पर्याय मिळतात. जास्त निवडले की ‘दाबून धरणे’ ठरायला अधिक वेळ लागतो, आणि सावकाश चालणाऱ्या बोटालाही स्वाइपची संधी मिळते. आयफोनमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टच या मार्गाने गेल्यास ‘हॅप्टिक टच’चा, म्हणजे दाबून धरण्याचा, अवधी वाढवता येतो, हात थरथरत असल्यास तेथेच ‘टच अकोमोडेशन्स’ हा पर्यायही आहे. कंपवाताच्या रुग्णांसाठी तो खरोखर उपयोगी आहे, परंतु तो चुकून सुरू झाला तर धडधाकट माणसालाही स्वाइप जमत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बोटाच्या त्वचेचाही प्रश्न असतो. शेतात, बांधकामावर किंवा यंत्रावर काम करणाऱ्यांच्या बोटांना घट्टे पडलेले असतात, आणि त्वचेचा तो जाड, कोरडा थर बोट व जाळी यांच्यात अंतर निर्माण करतो. टॅप त्यातूनही लागतो. स्वाइप मात्र वाटेत तुटतो, कारण हालचालीच्या प्रत्येक क्षणी संकेत पुरेसा मिळावा लागतो. हिवाळ्यात त्वचा कोरडी झाली की हीच तक्रार वाढते. बोटाच्या टोकाऐवजी पेराचा मऊ भाग वापरावा, अथवा दुसऱ्या बोटाने पाहावे. अंगठ्याला घट्टे असले तरी मधले बोट अनेकदा चालून जाते.

तपासणी दुसरी: काच, पाणी, कव्हर आणि चार्जर

फोन बंद करून काच किंचित ओलसर, मऊ कापडाने पुसावी आणि मग कोरड्या कापडाने कोरडी करावी. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत भिजत आलेल्या माणसाच्या फोनवर स्वाइप वेडावाकडा चालतो, त्याचे कारण पाण्याचा थेंब जाळीला बोटासारखाच भासतो; घामात मीठ असल्याने तो तर अधिकच गोंधळ घालतो. फोन बंद करण्याचा आग्रह एवढ्यासाठी, की पुसताना नको तिथे कॉल लागत नाही. पिठाचे हात, तेलाचे बोट आणि सॅनिटायझरचा ओला थर यांनाही हेच लागू आहे.

त्यानंतर टेम्पर्ड ग्लासकडे पाहावे. बाजारातील काही ग्लासना केवळ कडेने गोंद असतो आणि मधल्या भागात काचेखाली हवेची पातळ पोकळी राहते; ती जिथे राहते तिथे स्पर्श कमकुवत पोहोचतो. ग्लासची एखादी कड उचललेली असेल, कोपऱ्यात धूळ शिरली असेल किंवा ग्लास एकावर एक असे दोन लावलेले असतील, तर काठावरचे स्वाइप प्रथम बिघडतात. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डिस्प्ले सेटिंगखाली ‘टच सेन्सिटिव्हिटी’ नावाचे बटण याच कारणासाठी दिलेले असते, ते सुरू करून पाहावे. तेवढ्याने भागले नाही तर ग्लास काढून चाचणी घ्यावी. नवा ग्लास स्वस्त असतो, पण जुना वाचवण्याच्या नादात लोक महिनोन्महिने चुकीच्या जागी दोष शोधत राहतात.

कव्हरचा दोष तर फारच सहज नजरेतून सुटतो. पडद्याच्या कडेने उंच उठलेली जाड कव्हरे पडल्यावर फोन वाचवतात हे खरे, पण काठावरून सुरू होणाऱ्या स्वाइपसाठी बोट अगदी काठापासून निघावे लागते, आणि ती उंच कड बोटाला आतल्या बाजूला टेकायला लावते. मध्यभागी सर्व सुरळीत आणि काठावर काहीच नाही, असे असेल तर कव्हर काढून दोन मिनिटे फोन वापरून पाहावा.

आता चार्जर. चार्जिंग सुरू असताना स्वाइप उड्या मारत असेल, तर चार्जर प्लगमधून काढून लगेच पुन्हा स्वाइप करावा. निकृष्ट चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट फोन आणि बोट यांच्यातील विद्युत दाबात (व्होल्टेजमध्ये) सतत चढउतार घडवतो, आणि नियंत्रक चिपला तो गोंगाट व बोट यांत फरक करता येत नाही. दुसरा, शक्यतो फोनबरोबर आलेला, चार्जर आणि दुसरी केबल लावून पाहावी. दोष चार्जरचाच निघाला, तर तो चार्जर बाजूला काढावा. ‘रात्रीच तर लावतो, तेव्हा कुठे फोन वापरतो’ असे म्हणून तो वापरत राहू नये.

तपासणी तिसरी: स्वाइपची दिशा आणि सुरुवातीची जागा

फोन बदलला किंवा अपडेट आला की हीच तक्रार लाटेसारखी येते, आणि त्यात फोनचा काहीच दोष नसतो. कॉल उचलण्याचेच पाहा. आयफोन लॉक असेल तर पट्टी उजवीकडे सरकवावी लागते, आणि उघडा असेल तर थेट बटण दाबायचे असते. सॅमसंगमध्ये हिरवे वर्तुळ बाहेरच्या बाजूला ओढावे लागते. गूगलच्या फोन ॲपमध्ये पूर्वी वर सरकवून कॉल उचलला जाई. २०२५ मध्ये त्या ॲपची रचना बदलली आणि आडवा स्वाइप किंवा एकच टॅप असे पर्याय आले. वर्षानुवर्षे वर सरकवण्याची सवय असलेल्या माणसाला एके दिवशी कॉल उचलता येईना, तर तो ‘टच गेला’ असेच म्हणणार. अशा फोनमध्ये फोन ॲपच्या सेटिंग्जमधील ‘इनकमिंग कॉल जेश्चर’ या ठिकाणी जाऊन टॅप निवडून द्यावा. घरातील वृद्धांसाठी मी तोच सुचवतो. सॅमसंगमध्ये आवाज वाढवण्याच्या बटणाने कॉल उचलण्याची सोयही सुरू करता येते, आणि ज्यांना स्वाइप कधीच साधणार नाही त्यांच्यासाठी ती सर्वांत भरवशाची आहे.

मागे जाण्याच्या स्वाइपचा गोंधळ यापेक्षा मोठा आहे. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, डाव्या किंवा उजव्या अशा कोणत्याही काठावरून आत सरकवले की मागे जाता येते. आयफोनवर ती क्रिया मुख्यतः डाव्या काठावरून होते. त्यामुळे एका प्रकारच्या फोनवरून दुसऱ्यावर गेलेला माणूस चुकीच्या काठावर बोट घासत राहतो. शिवाय हा स्वाइप आडवा असावा लागतो. बोट आडवे जाण्यापेक्षा उभे अधिक गेले, किंवा काठावर टेकून क्षणभर थबकले, तर अँड्रॉइड ती हालचाल ॲपच्या स्वाधीन करते, आणि मग मागे जाण्याऐवजी ॲपमधला बाजूचा मेनू उघडतो. काही ॲपना, विशेषतः खेळांना आणि फोटो कापण्याच्या ॲपना, काठाचा ठराविक भाग स्वतःसाठी राखून ठेवता येतो. एकाच ॲपमध्ये मागे जाता येत नसेल, तर कारण बहुधा तेच असते.

सेटिंग्जमध्ये नेव्हिगेशनच्या पानावर काठाची संवेदनशीलता डावी-उजवी स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येते. परंतु घरातल्या ज्येष्ठांचा फोन असेल, तर तेथेच तीन बटणांची जुनी पद्धत निवडावी आणि हा विषय संपवावा. नव्या पद्धतीत दिसायला पडदा मोठा मिळतो एवढाच फायदा, आणि त्यासाठी रोज चिडचिड करून घेण्याचे कारण नाही.

तपासणी चौथी: टॉकबॅक आणि त्याची भावंडे

पाचव्या क्रमांकाचे लक्षण दिसले, म्हणजे चौकट उड्या मारते आणि फोन बोलतो, तर दुसरे काहीही तपासू नये. टॉकबॅक सुरू झालेले असते. दृष्टिबाधित वापरकर्त्यांसाठी बनवलेली ही सुविधा स्पर्शांचे अर्थच बदलून टाकते. एका बोटाचा स्वाइप पुढच्या किंवा मागच्या घटकावर जाण्यासाठी, एक टॅप केवळ निवडण्यासाठी, दोन टॅप उघडण्यासाठी आणि पान सरकवण्यासाठी दोन बोटांचा स्वाइप, अशी तिची व्यवस्था आहे. ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना ती पूर्ण सुसंगत वाटते. ज्यांच्या फोनवर ती नकळत सुरू झाली, त्यांना मात्र फोन बिघडल्याची खात्री पटते. आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबून धरली गेली की ती सुरू होऊ शकते, आणि खिशात किंवा लहान मुलाच्या हातात हे सहज घडते.

ती बंद करण्यासाठीही तीच दोन बटणे एकत्र दाबून धरावीत. तो शॉर्टकट बंद असेल, तर सेटिंग्जच्या आयकॉनवर एकदा टॅप करून तो निवडावा, मग कोठेही दोनदा टॅप करून उघडावा, दोन बोटांनी पान सरकवत ॲक्सेसिबिलिटीपर्यंत जावे आणि टॉकबॅक बंद करावे. आयफोनवर याच सुविधेचे नाव व्हॉइसओव्हर असून तिच्यात पान तीन बोटांनी सरकते. शॉर्टकट नेमलेला असेल तर बाजूचे बटण तीनदा दाबून, अन्यथा सिरीला सांगून ती बंद करता येते. पडदा अचानक प्रचंड मोठा होऊन अर्धाच दिसू लागला असेल, तर पडदा मोठा करण्याची सुविधा सुरू झाली आहे असे समजावे. आयफोनवर तीन बोटांनी दोनदा टॅप केल्याने ती जाते. अँड्रॉइडवर ॲक्सेसिबिलिटीतील ‘मॅग्निफिकेशन’ बंद करावे.

तपासणी पाचवी: रीस्टार्ट, सेफ मोड

रीस्टार्ट हा सल्ला इतका वापरून झिजला आहे की लोक तो ऐकतही नाहीत. पण टचची नियंत्रक चिप एखाद्या अडकलेल्या अवस्थेत असेल, तर ती मोकळी होण्याचा हाच सोपा मार्ग आहे. पडदा अजिबात दाद देत नसेल तर सक्तीचा रीस्टार्ट करावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र धरून ठेवल्याने तो होतो. अलीकडच्या आयफोनमध्ये आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडावे, आवाज कमी करण्याचे दाबून सोडावे आणि मग बाजूचे बटण लोगो दिसेपर्यंत धरून ठेवावे.

अँड्रॉइडमध्ये पॉवर मेनूतील बंद करण्याच्या पर्यायावर बोट दाबून धरल्यास अनेक फोन सेफ मोडमध्ये सुरू होण्याची परवानगी विचारतात. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप थांबलेली असतात. तेथे स्वाइप व्यवस्थित चालला, तर दोष कोणत्या तरी ॲपचा आहे हे निश्चित झाले. असे उद्योग बहुधा बाहेरून टाकलेले लाँचर (होम स्क्रीन बदलणारी ॲप), पडद्यावर रंगाचा थर चढवणारी डोळ्यांसाठीची फिल्टर, काठाला चिकटून तरंगणारे बुडबुडे आणि ॲप-लॉक यांचे असतात, कारण ही सगळी पडद्यावर सर्वांत वरच्या थरात बसून स्पर्श आधी स्वतः घेतात. अलीकडे टाकलेले ॲप प्रथम काढावे. फोनमधील जागा अगदी भरत आली असेल, तरी स्वाइप अडखळतो. तेव्हा बोट बरोबर टिपले जाते, पण पान उशिरा सरकते. हा विलंब आणि तुटणे यांत गल्लत करू नये.

तपासणी सहावी: रेघ आणि माउस

दोष सॉफ्टवेअरचा की डिस्प्लेचा, हे या दोन चाचण्या बरेचसे स्पष्ट करतात, आणि डिस्प्ले बदलण्यापूर्वी त्या न करणाऱ्या कारागिराकडे फोन देऊ नये असे माझे मत आहे.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केले की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यातील ‘पॉइंटर लोकेशन’ सुरू करावे. आता बोट जिथे जाईल तिथे पडद्यावर रेघ उमटेल. डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, बोटाच्या जाडीइतके अंतर ठेवत, सावकाश रेघा ओढत संपूर्ण पडदा भरावा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डायलवर *#०*# लावल्यास अशीच टच चाचणी मिळते. आयफोनमध्ये नोट्स ॲपमध्ये चित्र काढून पाहावे, किंवा एखादा आयकॉन धरून तो पडद्याच्या चारही कोपऱ्यांतून फिरवावा; वाटेत तो जिथे आपोआप सुटतो तिथे दोष आहे.

रेघ सगळीकडे अखंड आली, तर डिस्प्ले ठीक आहे. पुन्हा पहिल्या तपासणीकडे जावे, कारण उत्तर बोटात, दिशेत किंवा सेटिंगमध्ये दडलेले आहे. रेघ एकाच आडव्या वा उभ्या पट्ट्यात प्रत्येक वेळी तुटली, तर जाळीतील तेवढ्या रेघा किंवा त्यांची जोडणी निकामी झाली आहे आणि ती घरी दुरुस्त होत नाही. रेघ नागमोडी होऊन इकडेतिकडे फेकली जात असेल, तर पाणी, चार्जर किंवा सैल झालेला ग्लास यांचा संशय घ्यावा. आणि बोट न लावताच रेघा उमटत असतील, तर पुढचा ‘कोठे थांबावे’ हा भाग आधी वाचावा.

दुसरी चाचणी माउसची. संगणकाचा साधा यूएसबी माउस ओटीजी जोडणीतून (फोनच्या चार्जिंग पोर्टला यूएसबी उपकरण जोडण्याची सोय) अँड्रॉइड फोनला लावला की पडद्यावर बाण दिसतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्याआधी सेटिंग्जमधून ओटीजी सुरू करावे लागते. माउसचे डावे बटण दाबून ओढले, म्हणजे फोनच्या लेखी बोट फिरले. माउसने स्वाइप होतो पण बोटाने होत नाही, तर दोष बोट, काच, ग्लास किंवा डिस्प्लेचा. माउसनेही होत नाही, तर डिस्प्लेवर संशय घेण्याचे कारण उरत नाही, दोष सॉफ्टवेअरचा. याचा आणखी एक मोठा उपयोग असा, की टच पूर्ण मेलेल्या फोनमधूनही माउसच्या साहाय्याने लॉक उघडून फोटो, संपर्क आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप बाहेर काढता येतो. दुरुस्तीला देण्यापूर्वी हे करूनच घ्यावे.

फॅक्टरी रीसेटबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून बघू’ हे फार लवकर सुचवले जाते. माउसनेही स्वाइप होत नसेल आणि सेफ मोडनेही फरक पडत नसेल, तरच रीसेटला अर्थ आहे. त्याआधी बॅकअप घ्यावा, गूगल खात्याचा पासवर्ड हाताशी आहे याची खात्री करावी, कारण रीसेटनंतर फोन तो मागू शकतो, आणि बँकेची व यूपीआयची ॲप पुन्हा नोंदवावी लागतील हे गृहीत धरावे. रेघ पट्ट्यात तुटत असताना रीसेट करणे म्हणजे माहिती गमावून दोष जसाच्या तसा ठेवणे.

कोठे थांबावे

पडदा एका बाजूने उचलला गेला आहे, मागचे झाकण फुगले आहे किंवा फोन टेबलावर ठेवल्यावर डुलतो आहे, असे दिसले तर तेथेच थांबावे. फुगलेली बॅटरी डिस्प्लेला आतून दाबते आणि त्यामुळेही स्वाइप बिघडतो. असा फोन चार्ज करू नये, पडदा दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये, फोन बंद करून जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा आणि थेट सर्व्हिस सेंटरला न्यावा. लिथियम बॅटरीला भोक पडले किंवा ती वाकली तर आग लागू शकते.

फोन पाण्यात पडला असेल तर तो चालू करून स्वाइपची चाचणी घेत बसू नये. तो तांदळात पुरूनही ठेवू नये. तांदळाचा भुगा चार्जिंगच्या पोर्टमध्ये जातो, एवढाच त्याचा निश्चित परिणाम.

हात न लावता फोन आपोआप चालत असेल, तर चार्जर, ग्लास आणि कव्हर काढून एकदाच पाहावे. तरीही थांबत नसेल तर फोन बंद करावा. असे स्पर्श चुकीचा पासकोड पुनःपुन्हा टाकून फोन कुलूपबंद करू शकतात, कोणालाही कॉल लावू शकतात आणि उघड्या असलेल्या ॲपमध्ये काहीही दाबू शकतात. काचेला तडा गेला असेल आणि कपच्या निघत असतील, तरीही बोटाने चाचणी करू नये.

फोन वॉरंटीत असेल, तर तो कोठेही उघडू देऊ नये. कंपन्या कधी कधी विशिष्ट मॉडेलमधील टचचा दोष मान्य करून विनामूल्य डिस्प्ले बदलून देतात: ॲपलने २०१८ मध्ये आयफोन १० च्या आणि २०२० मध्ये आयफोन ११ च्या काही फोनसाठी अशी योजना जाहीर केली होती. तुमच्या मॉडेलसाठी काही योजना आहे का, हे सर्व्हिस सेंटरमध्ये आयएमईआय किंवा सीरियल नंबर देऊन विचारावे.

डिस्प्ले बदलायचाच ठरला, तर हे माहीत असावे की आताच्या बहुतेक फोनमध्ये टचची जाळी डिस्प्लेतच सामावलेली किंवा त्याला चिकटवलेली असते. म्हणून केवळ टच वेगळा बदलता येत नाही, संपूर्ण फोल्डर, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले यांचा एकत्र जोडलेला भाग, बदलावा लागतो. तो ओरिजिनल आहे की कॉपी, हे पावतीवर लिहून घ्यावे. स्वस्त कॉपी फोल्डरमध्ये टॅप ठीक चालतो आणि काठावरचे स्वाइप मात्र कच्चे राहतात, असे वारंवार दिसते. नवा फोल्डर चिकटवण्यापूर्वी, केवळ जोडणी करून, रेघेची चाचणी तुमच्यासमोर घेण्यास सांगावे, कारण एकदा गोंद लागला की तो काढताना पुन्हा मोडण्याचा धोका असतो. चिकटवून झाल्यावर दुकानातच नवा ग्लास लावून, कव्हर घालून आणि तुमचा नेहमीचा चार्जर जोडून चारही काठांवरून स्वाइप करून पाहावा, आणि जुना डिस्प्ले मागून घ्यावा.